भिवंडीच्या वर्णनातील चौथा रकाना

एखाद्या तालुक्याचे सरकारी वर्णन बहुधा तीन रकान्यांत उरकले जाते : भूगोल, अर्थव्यवस्था आणि प्रेक्षणीय स्थळे. १८८२ साली मुंबई सरकारने ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर प्रसिद्ध केले. त्याच्या कितीतरी नंतरही ही रीत बदललेली नाही. नारपोलीतल्या मागांच्या खडखडाटात उभे राहून भिवंडी तालुक्याचे असे वर्णन वाचले, की एकच प्रश्न पडतो : यात राबणारा माणूस कुठे आहे?

भूगोल प्रथम पाहू. दक्षिणेला खाडी, उत्तरेला तानसेचे खोरे, शहरालगत कामवारी नदी आणि भोवती भातशेती. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, तरी भिवंडी ठाण्यातच राहिली. मुंबईला पाणी पुरविणारे पिसे येथील केंद्र याच तालुक्यात आहे. महानगराची तहान येथून भागते आणि येथल्या नदीच्या वाट्याला मात्र सांडपाणी येते.

अर्थव्यवस्थेच्या रकान्यात यंत्रमाग आणि गोदामे ठळकपणे येतात. १८५७ नंतर उत्तर प्रदेशातून आलेल्या मोमीन विणकरांनी येथे हातमाग रोवला. पुढे तेलंगणातील पद्मशाली आले, वीज आली, यंत्रमाग वाढले. १९८२ साली मुंबईच्या गिरण्यांतील कामगार संपावर गेले, तेव्हा मालकांनी आपले काम याच मागांकडे वळविले. त्यामुळे संपाची धार बोथट झाली, हे खरे. परंतु मागावरचा कामगार संपकऱ्याचा वैरी नव्हता. बारा तासांची पाळी आणि मीटरवर मोजलेली मजुरी, एवढेच त्याच्या हाती होते. मुंबईची जकात चुकविण्याच्या सोयीने येथे गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ रोजी जकात गेली, पण गोदामे वाढतच राहिली. माल साठविण्याची जागा वाढली, माल वाहणाऱ्या हमालाच्या निवाऱ्याची नव्हे.

तिसरा रकाना रम्य आहे. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर चिमाजी अप्पांच्या नवसातून उभे राहिलेले वज्रेश्वरीचे मंदिर, अकलोलीची उष्ण पाण्याची कुंडे, गणेशपुरी, लोनाडची लेणी हे सारे पाहण्याजोगे आहे. पण याच तालुक्यातील वीटभट्ट्यांवर उचल घेऊन राबणारी कातकरी कुटुंबे कोणत्याही पर्यटन पुस्तिकेत दिसणार नाहीत.

म्हणून चौथ्या रकान्याची, श्रमाच्या रकान्याची, मागणी करावी लागते. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे नारपोलीतील पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत कोसळली आणि जवळपास चाळीस माणसे झोपेतच गेली. इमारत मोडकळीला आल्यावरही माणसे तिच्यात का राहतात? कारण परवडणारे दुसरे घर त्यांना नसते. नोटीस बजावणे सोपे असते. पर्यायी घर देणे हेच खरे काम आहे.

छोटे मालक म्हणतील : सूत महाग, वीज महाग, आम्हीही व्यापाऱ्याचे मजूरच! या म्हणण्यात तथ्य आहे. पण त्याचा भार सर्वांत दुबळ्याच्या पाठीवर टाकण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या कामगार संहितांनी विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी कामगारांची मर्यादा वीसवर नेली. एका शेडमधील माग वेगवेगळ्या नावांवर दाखविले, की कायदा दारातच थांबतो. तेव्हा मोजणी शेडनिहाय झाली पाहिजे, प्रत्येक कामगाराला ओळखपत्र आणि भविष्यनिर्वाह निधी मिळाला पाहिजे.

१९७० आणि १९८४ च्या दंगलींत येथले माग थांबले, तेव्हा हिंदू आणि मुसलमान दोघांच्याही चुली विझल्या. कार्यकर्त्यांनी मागणीचा कागद हाती घेऊन दोन्ही वस्त्यांत जावे, आणि शेडच्या दारात बसून नोंदणीला आरंभ करावा. शासन हा चौथा रकाना आपणहून भरणार नाही.