सुख : साध्य की फलित?

कासारवाडीजवळच्या नाशिक फाट्यावरील उड्डाणपुलाला भारतरत्न जे. आर. डी. टाटा यांचे नाव आहे. भारत आर्थिक महासत्ता होण्यापेक्षा सुखी देश व्हावा, अशी इच्छा त्यांनी बोलून दाखविली होती. त्या इच्छेतील सुख सर्वांचे होते. आज मात्र ‘मला सुख मिळते का?’ हाच जीवनाचा एकमेव निकष होऊ पाहत आहे. या विचाराला आमचा स्पष्ट विरोध आहे.

गाव सोडून या औद्योगिक पट्ट्यात आलेल्या पिढीने तिन्ही पाळ्यांत यंत्रे चालविली आणि मुलांना शिकविले. रात्रपाळीला कोणी सुख शोधायला जात नसते. म्हणून का ती आयुष्ये वाया गेली?

बाबा आमटे यांचेच उदाहरण घ्या. तुळशीराम नावाच्या महारोग्याचा झडलेला देह पाहून ते प्रथम भयाने पळाले. मग त्या भयाचीच लाज वाटून परतले आणि त्यांनी त्याची शुश्रूषा केली. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली. वरोऱ्याच्या माळावर सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर साधनाताईंसह त्यांनी उभ्या केलेल्या वसाहतीचे नाव ‘आनंदवन’. पुढे मणक्याच्या विकाराने बाबांना बसणेही अशक्य झाले. काम थांबले नाही. ते आनंदाच्या शोधात निघाले नव्हते; आनंद त्यांच्या मागून आला.

कोणी विचारील, परमसुख हेच मानवाचे अंतिम साध्य, असे संत थॉमस अक्वायनस यांनीच सांगितले ना? होय, परंतु ते परमसुख त्यांनी परमेश्वराच्या दर्शनात पाहिले, मनाच्या क्षणिक प्रसन्नतेत नव्हे. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने धन्य म्हटले ते शोक करणाऱ्यांना आणि छळ सोसणाऱ्यांना.

याचा अर्थ दुःख कुरवाळावे असा मुळीच नाही. मार खाणाऱ्या पत्नीला ‘सोस’ म्हणून सांगणे हा उपदेश नव्हे, अन्याय आहे. दुसऱ्याच्या प्रेमापोटी उचललेला भार वेगळा आणि दुसऱ्याने लादलेला जुलूम वेगळा.

अंथरुणाला खिळलेली आई, मतिमंद भाऊ, लग्नवेदीपुढे दिलेले वचन : सुख हाच निकष मानला, तर यांतले एकही टिकणार नाही. आपण मुलांना ‘सुखी राहा’ असा आशीर्वाद देतो; तो अवश्य द्यावा. पण त्याआधी ‘कुणाच्या तरी उपयोगी पड’ एवढे सांगायला विसरू नये.