फसलं नाही, पाडलं!

एखाद्या प्रोजेक्टची वाट लागली की नंतर एक मीटिंग होते. तुम्ही आयटीत असाल तर ती मीटिंग तुम्हाला पाठ असेल. तिथे सगळी वाक्यं कर्त्याशिवाय बोलली जातात. 'सर्व्हर डाऊन झाला.' 'डेटा उडाला.' 'डेडलाईन हुकली.' कोणी उडवला, कोणी हुकवली, याचा पत्ता नाही. जणू सगळं आपोआप, हवामान बदलल्यासारखं झालं. मग कोणीतरी शहाणा जुन्या मेल्सची साखळी उघडतो. कोणी कधी काय मागितलं होतं, कोणी काय उत्तर दिलं होतं, सगळं तारखेसकट तिथे असतं. आणि खोलीत एकदम शांतता पसरते.

अमेरिकेच्या इतिहासात असंच एक बिनकर्त्याचं वाक्य दीडशे वर्षं फिरतंय. 'रिकन्स्ट्रक्शन फसलं.' पाठ्यपुस्तकांत आहे, डॉक्युमेंटरीत आहे, आपल्याकडे अमेरिकेवर अधिकारवाणीने बोलणाऱ्यांच्या तोंडीही आहे. मला हे वाक्य साफ नामंजूर आहे. आणि माझा साक्षीदार आहे एक सरकारी फाईल: मिसिसिपी राज्याचा गव्हर्नर अ‍ॅडलबर्ट एम्स याचा १८७५ सालचा पत्रव्यवहार.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८६५ साली यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी कायद्याने गेली. पुढच्या पाच वर्षांत घटनादुरुस्त्या करून काळ्या लोकांना नागरिकत्व आणि पुरुषांना मताचा हक्क दिला. हरलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांची नव्याने उभारणी करायचा हा काळ, म्हणजे रिकन्स्ट्रक्शन. मिसिसिपीत काळे लोक बहुसंख्य होते. म्हणजे निवडणूक सरळ झाली तर सत्तेत त्यांचा वाटा येणारच. आणि तो आलाही. १८७० मध्ये हायरम रेव्हल्स हा अमेरिकेच्या सिनेटमधला पहिला काळा सदस्य झाला, तो मिसिसिपीचाच. गावोगावी काळे शेरीफ, काळे आमदार निवडून येऊ लागले.

एम्स हा उत्तरेकडच्या मेन राज्यातला. वेस्ट पॉइंटमध्ये शिकलेला, युद्धात उत्तरेच्या बाजूने लढून जनरल झालेला. १८७३ च्या नोव्हेंबरात तो मिसिसिपीचा गव्हर्नर म्हणून निवडून आला. (अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. तो लोकांनी निवडलेला असतो, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा.)

त्याच्या विरोधकांचा, म्हणजे गोऱ्या डेमोक्रॅट्सचा हिशोब सोपा होता. मतं कमी पडतात ना? मग समोरच्याला मत देऊ द्यायचं नाही. १८७४ च्या डिसेंबरात व्हिक्सबर्गमध्ये लोकांनी निवडून दिलेल्या पीटर क्रॉस्बी या काळ्या शेरीफला जबरदस्तीने राजीनामा द्यायला लावला, त्याच्या बाजूने आलेल्या लोकांवर गोळ्या घातल्या. तेव्हा राष्ट्राध्यक्ष ग्रँटने जानेवारीत फौज पाठवली. क्रॉस्बी परत खुर्चीवर बसला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. फौज पाठवता येत होती, आणि पाठवली की काम होत होतं.

आता १८७५ चा सप्टेंबर. १ तारखेला याझू सिटीत रिपब्लिकन सभेवर हल्ला, शेरीफ पळून गेला. ४ तारखेला क्लिंटन गावात रिपब्लिकन पक्षाचा मेळावा. जेवण, भाषणं, बायकापोरं सगळी आलेली. तिथे गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसं मेली. त्यानंतर काही दिवस हत्यारबंद गोरे आसपासच्या भागात फिरून काळ्या लोकांना वेचून मारत होते. मेलेल्यांचे अंदाज तीसपासून पन्नासपर्यंत जातात.

इथून गव्हर्नरच्या टेबलावर कागद साचायला लागतात. लिहिणारे कोण? बहुतेक जण दहा वर्षांपूर्वीपर्यंत गुलाम होते, आणि गुलामाला लिहा-वाचायला शिकवणं दक्षिणेत गुन्हा मानला जायचा. त्यामुळे स्पेलिंग चुकलेलं, वाक्यं मोडकी. पण मजकूर इतका स्वच्छ की आपले एमबीए मॅनेजर लाजतील. व्हिक्सबर्गचे लोक कळवतात की रात्री सैनिकी कपडे घालून टोळ्या फिरतात, आम्हाला पळवून लावतात. संरक्षणाला फौज असल्याशिवाय आम्ही मत द्यायला जाणार नाही. दुसरा एक जण लिहितो की इथले लोक हत्यारं घेऊन आणखी गरिबांना मारायला निघालेत. आणि शेवटी गव्हर्नरला विचारतो, आम्हाला काही संरक्षण आहे की नाही?

काय, कुठे, कोण करतंय, काय हवंय. सगळं त्यात आहे. याहून चांगला बग रिपोर्ट मी आजवर पाहिलेला नाही.

एम्सने काय केलं? वर पाठवलं. ७ सप्टेंबरला खाजगी सशस्त्र टोळ्यांनी विसर्जित व्हावं असा जाहीरनामा काढला. त्याला हिंग लावून कोणी विचारलं नाही. ८ तारखेला ग्रँटला तार केली, की राज्यात हिंसाचार आहे, तो आवरणं माझ्या ताकदीबाहेर आहे, फौज द्या. वॉशिंग्टनहून शंका आल्या. राजकारणाची अडचण त्यालाही कळत होती, म्हणून ११ तारखेला त्याने अ‍ॅटर्नी जनरल एडवर्ड्स पिअरपाँटला तार करून स्पष्ट सांगितलं, की बदनामी व्हायची असेल तर ती सगळी माझ्या डोक्यावर येऊ द्या. पण ज्यांचा गुन्हा फक्त त्यांच्या कातडीचा रंग आहे, त्या नागरिकांबद्दलचं माझं कर्तव्य मला टाळता येणार नाही. जबाबदारी अंगावर घेऊन एस्केलेट करणारा माणूस किती दुर्मिळ असतो ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

उत्तर आलं १४ सप्टेंबरला. पिअरपाँटने त्यात खुद्द ग्रँटच्या मजकुराचे उतारे दिले होते. सार असं: दक्षिणेत दर हिवाळ्याच्या तोंडावर होणाऱ्या या दंगलींना जनता आता कंटाळली आहे, सरकारने मध्ये पडलेलं बहुतेकांना आवडणार नाही. गरजच पडली तर फौज येईल आणि मग पोरखेळ होणार नाही, असंही त्यात होतं. पण आधी तुम्ही तुमची साधनं वापरून संपवा. विधिमंडळ का बोलावत नाही? तिथल्या लोकांनी स्वतःच्या हक्कांसाठी लढायचं धैर्य दाखवावं.

हे पत्र शांतपणे परत वाचा. 'आमचा विश्वास बसत नाही' असं त्यात कुठेही नाही. 'आम्हाला माहीत नव्हतं' असंही नाही. माहिती पोचली होती, पटलीही होती. कारण दिलंय ते फक्त कंटाळ्याचं. आणि कंटाळा कोणाला आला? जे मरत होते त्यांना नव्हे. जे पेपरात वाचत होते त्यांना!

खरं कारण वेगळंच असावं. मिसिसिपीचा काळा काँग्रेस सदस्य जॉन लिंच याने १९१३ च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलंय, की ग्रँटने नंतर त्याच्याजवळ कबूल केलं: फौज पाठवली असती तर ओहायोची निवडणूक हातची जाईल असं पक्षाच्या लोकांनी सांगितलं होतं. ही अर्थात लिंचची आठवण आहे. पण ऑक्टोबरात ओहायोत निवडणूक होती हे खरं, ती रिपब्लिकनांनी जिंकली हेही खरं.

पुढचं पटकन सांगतो. एम्सने राज्याची मिलिशिया उभी केली, त्यात चार्ल्स काल्डवेल या काळ्या सिनेटरची तुकडी होती. मग वॉशिंग्टनच्या दूताने मध्यस्थी केली, १३ ऑक्टोबरला डेमोक्रॅट्सशी समझोता झाला: तुम्ही मिलिशिया घरी पाठवा, आम्ही निवडणूक शांततेत होऊ देतो. मिलिशिया घरी गेली. २ नोव्हेंबरला मतदान झालं. याझू काउंटीत काळे मतदार बहुसंख्य, तिथे रिपब्लिकनांना मतं पडली ७. सात! काल्डवेलला डिसेंबरात क्लिंटनमध्येच गोळ्या घालून मारलं. नव्या विधिमंडळाने आधी काळ्या लेफ्टनंट गव्हर्नरला महाभियोग चालवून काढलं, म्हणजे एम्स गेल्यावर तो खुर्चीत यायला नको. मग एम्सवर आरोप ठेवले. आरोप मागे घेण्याच्या बोलीवर २९ मार्च १८७६ ला त्याने राजीनामा दिला.

इथे नेहमीचा आक्षेप येणार, तो मीच घेतो. 'अहो, ती सरकारं भ्रष्ट होती, कर वाढले होते, लोक वैतागले होते.' ठीक. कर वाढले होते, शाळा काढायला पैसे लागतात. पण भ्रष्टाचाराची एवढी चीड असेल तर पुढचं ऐका. या 'स्वच्छ' मंडळींनी राज्याची तिजोरी विल्यम हेमिंग्वे नावाच्या गृहस्थांकडे दिली. १८७६ पासून १८९० पर्यंत ते खजिनदार होते. गेले तेव्हा तिजोरीत तीन लाख डॉलरहून जास्त रक्कम कमी भरली. आणि त्याच १८९० मध्ये मिसिसिपीने नवी घटना करून मतदानावर कर आणि 'घटनेचा अर्थ सांगा' छाप परीक्षा बसवली. काळ्यांचा मताचा हक्क कागदोपत्रीही संपल्यात जमा झाला. एम्सने १८७५ मध्येच बायकोला लिहिलं होतं की हत्यारांच्या जोरावर क्रांती झाली आहे, एका वंशाचं मत काढून घेतलंय, ही दुसरी गुलामगिरी आहे. भविष्य सांगायला त्याला ज्योतिष लागलं नाही, समोरची फाईल पुरे होती.

एम्स काही संत नव्हता. उन्हाळ्यात राज्य सोडून उत्तरेकडे जाऊन राहायचा, आणि शेवटी शेवटी त्याचाही धीर सुटलेला घरच्या पत्रांत दिसतो. पण त्याने मागायचं ते वेळेत, लेखी आणि योग्य माणसाकडे मागितलं. तरी पुढची कित्येक दशकं खलनायक तोच. १९५६ च्या 'प्रोफाइल्स इन करेज' या पुस्तकात जॉन केनेडीने कौतुक केलं ते मिसिसिपीच्या लूशियस लामारचं, ज्याने १८६१ मध्ये राज्याच्या फुटून निघण्याचा ठराव लिहिला होता. एम्सच्या वाट्याला शिव्या. एम्सची मुलगी ब्लांश हिने केनेडीला पत्रांवर पत्रं पाठवून दुरुस्ती मागितली. तिचा नातू, लेखक जॉर्ज प्लिम्प्टन, सांगायचा की राष्ट्राध्यक्ष झालेल्या केनेडीने त्याला व्हाइट हाऊसमध्ये बाजूला घेऊन विचारलं, तुझ्या आजीची पत्रं थांबवता येतील का? आजी थांबली नाही. उतारवयात तिने वडिलांचं जाडजूड चरित्र लिहिलं, ते १९६४ मध्ये निघालं.

'इतिहास जेते लिहितात' असं आपण उठसूट म्हणतो. इथे युद्ध हरलेल्यांनी इतिहास लिहिला, आणि जिंकलेल्यांनी तो कंटाळून मान्य केला.

आता, पुण्या-मुंबईत बसून मला याचं काय पडलंय? सांगतो. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' १८७३ मध्ये काढलं. ते त्यांनी अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, गुलामांना मुक्त करण्याच्या कामी त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल. आपल्या देशबांधवांनी हा धडा घ्यावा ही आशा. आपण शाळेत हे वाचतो आणि तिथेच थांबतो. एम्स निवडून आला तेही १८७३ मध्येच. फुल्यांनी ज्या जनतेचं कौतुक केलं, 'तिला कंटाळा आला' हे पत्र निघायला जेमतेम दोन वर्षं लागली.

फुले भाबडे होते असं मला म्हणायचं नाही. त्यांनी झालेल्या कामाचं कौतुक केलं, आणि काम खरोखर झालं होतं. व्हिक्सबर्गला फौज गेली तेव्हा शेरीफ परत खुर्चीवर बसला होता. म्हणूनच 'फसलं' हा शब्द मला खोटा वाटतो. जे चालत होतं, ते ठरवून बंद केलं. सिस्टिम क्रॅश झाली नव्हती, ज्यांच्याकडे पासवर्ड होता त्यांनी ती किल केली.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी म्हणालं की अमुक योजना फसली, तमुक सुधारणा रुजलीच नाही, लोकांची तयारी नव्हती... तर मान डोलावू नका. एवढंच विचारा: मदत कोणी मागितली होती, कोणत्या तारखेला, आणि उत्तर काय आलं होतं?

फाईल कुठेतरी असतेच.