सांगून सोपवा
बदली झाली, बाळ आलं, सोसायटीत तक्रारी वाढल्या. कारण काहीही असो, हौसेनं आणलेला कुत्रा मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेला उतरवून नाशिकला परतणं ही क्रूरताच. जनावराची उपासमार होईल असं त्याला सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. पण पहिल्या वेळी दंड जेमतेम १० ते ५० रुपये! घरात वाढलेल्या कुत्र्याला ना वाहनांचा अंदाज असतो, ना रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या हद्दी ठाऊक असतात. सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घेण्यासाठी महापालिकेकडे अर्ज करण्याची मुभा दिली. तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी मात्र घेणाऱ्याची. हाच दंडक विकत आणलेल्या कुत्र्यालाही हवा. सांभाळणं खरंच अशक्य झालं, तर लसीकरणाचं कार्ड द्या, आजार सांगा, चावत असेल तर तेही लपवू नका आणि नवं घर मिळेपर्यंत खर्च उचला. कुत्रा आणायचाच असेल, तर दुकानातल्या पिल्लाआधी निवाऱ्यातला प्रौढ कुत्रा पाहा. त्याचा आकार, स्वभाव, सवयी सांभाळणाऱ्यांना ठाऊक असतात. म्हणून आपल्या घराला तो झेपेल का, याचं उत्तर आधीच मिळतं.