चार्जरला शिव्या घालण्याआधी भिंतीकडे बघा!

रात्री अकराला गाडी चार्जिंगला लावली, सकाळी कॉलेजला निघताना बघताय तर बॅटरी होती तिथेच! अशा वेळी पहिला राग गाडीच्या कंपनीवर निघतो. दुसरं टेन्शन, ‘ईव्ही घेऊ नकोस म्हणून सांगत होतो’ असं ऐकवणाऱ्या काकांना आता काय सांगायचं? आणि मग सुरू होतो आपला लाडका जुगाड. खरी भीती या जुगाडाची आहे. चार्जर बंद पडला तर फार तर एक लेक्चर बुडेल. त्याला जबरदस्तीने चालू ठेवलात, तर घर पेटू शकतं.

एक गोष्ट समजून घ्या. घरातला पंखा, मिक्सर, टीव्ही कधी तुमच्या वायरिंगची परीक्षा घेत नाहीत. गिझर जास्त वीज खातो, पण पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो. कारचा पोर्टेबल चार्जर मात्र साधारण ३.३ किलोवॉटचा असतो. २३० व्होल्टच्या हिशोबाने झाले १४ अँपिअर, आणि तेही रात्रभर, सलग. स्कूटरचा चार्जर त्यामानाने लहान, पण तोही तासन् तास चालतो. वीस वर्षांपूर्वीच्या वायरिंगमधला एखादा ढिला स्क्रू इथे हमखास उघडा पडतो. म्हणजे अनेकदा चार्जर बिघडलेला नसतोच, तो घरातला जुना बिघाड दाखवत असतो.

मग करायचं काय? आधी सोप्या शंका संपवा. अॅपमध्ये चार्जिंगची वेळ सेट झाली आहे का बघा. ‘शेड्यूल’ चालू राहिलं की गाडी गुपचूप पहाटेची वाट बघत बसते. भर उन्हातून आल्या आल्या प्लग लावलात, तर बॅटरी थंड होईपर्यंत गाडी चार्जिंग अडवू शकते. अॅप ‘ऑफलाइन’ दाखवतंय? मग भानगड बहुतेक वायफायची आहे. गाडीच्या स्क्रीनवर बघा, कदाचित चार्जिंग मस्त चालू असेल.

चार्जरवर लाइटच नाही? मग त्याच सॉकेटला इस्त्री लावून बघा. इस्त्रीही गरम होत नसेल, तर चार्जर निर्दोष. लाल लाइट लागून ‘अर्थ फॉल्ट’ येत असेल, तर सॉकेटचं अर्थिंग गेलंय किंवा कधी नव्हतंच. अर्धा-एक तास चालून एमसीबी पडत असेल, तर त्या लाइनवर लोड जास्त होतोय किंवा कुठेतरी जोड तापतोय. लावल्या लावल्या आरसीसीबी पडत असेल, तर करंट गळतोय. पावसाळ्यात पार्किंगमधल्या ओल्या सॉकेटमुळे हे सहज होतं. आणि प्लग हात लावता येणार नाही इतका तापला, सॉकेट तपकिरी पडलं, जळका वास आला, तर मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. इथे ‘आजची रात्र चालवून घेऊ’ म्हणायचं नाही.

आता जुगाडाकडे येऊ. एमसीबी सारखा पडतो म्हणून १६ च्या जागी ३२ अँपिअरचा बसवणारे महाभाग आहेत. वायर तीच ठेवून एमसीबी मोठा केला, की आधी वायर तापते आणि एमसीबी नुसता बघत बसतो. दुसरा प्रकार त्याहून भयंकर. चार्जर अर्थिंग मागतो म्हणून काही जण सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकतात. चार्जर फसतो, हिरवा लाइट लागतो, सगळे खूश! पण उद्या मागे कुठे न्यूट्रल तुटली, तर गाडीच्या बॉडीत थेट करंट येऊ शकतो. तिसरा प्रकार तुम्ही रोज बघता, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली लोंबणारा एक्स्टेन्शन बोर्ड. मोबाइलसाठी घेतलेल्या त्या बोर्डवर रात्रभर गाडी चार्ज करणं म्हणजे आगीला आमंत्रण.

पण या लोंबत्या वायरचा दोष फक्त गाडीवाल्या पोराचा नाही. ‘पार्किंगमध्ये पॉइंट मिळणार नाही’ म्हणणाऱ्या सोसायटीचाही आहे. सुरक्षेचं कारण देऊन नीट पॉइंट नाकारला, की लोक असुरक्षित मार्ग शोधतात. सेफ्टी हवी असेल, तर परवानगी द्या आणि अटी घाला. स्वतंत्र लाइन, योग्य जाडीची वायर, चांगलं अर्थिंग, आरसीसीबी आणि परवानाधारक ठेकेदाराचं काम. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत २०२४ मध्ये बदल झाला आणि ईव्ही चार्जिंगसाठी वेगळी वीजजोडणी मागता येऊ लागली. सेक्रेटरी काकांशी पार्किंगमध्ये वाद घालण्यापेक्षा हा मुद्दा लेखी द्या, मीटिंगमध्ये मांडा.

भाड्याने राहताय? मग फ्लॅट बघताना पाण्याची वेळ विचारता तसंच अर्थिंगही विचारा. नवी गाडी बुक करताय? रंग ठरवण्याआधी वीजबिलावरचा ‘मंजूर भार’ वाचा आणि वायरमनकडून लाइन तपासून घ्या. लाखभर रुपयांच्या स्कूटरपुढे हा खर्च किरकोळ आहे. आरसीसीबीवरचं ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. दाबल्यावर तो पडला नाही, तर तो नुसता शोभेला आहे.

ईव्ही चालवणारी आपली पहिलीच पिढी. गाडीचा स्पीड, रेंज, फीचर्स आपल्याला तोंडपाठ असतात. आता आपल्या भिंतीतली वायर किती एमएमची आहे, हेही माहीत करून घेऊ या.