दगड वाचवायला देवच हवा का?

रामटेकचा गड चढताना आपण नृसिंहाला हात जोडतो. ते मंदिर वाकाटकांच्या काळचे, पाचव्या शतकातले. पण त्याहून हजारावर वर्षे जुने दगड आपल्या शेजारी, पारशिवनी तालुक्यात नायकुंडला आहेत. त्यांच्याकडे कोण पाहतो? मृतांच्या दफनावर रचलेली ही शिळावर्तुळे. १९७७ ते १९८० या काळात शां. भा. देव आणि अरविंद जामखेडकर यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा लोखंड गाळण्याची भट्टीही सापडली.

गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघे सायकलींवर अशी वर्तुळे पाहायला निघालो. एका शेतात अर्धेच वर्तुळ उरलेले. बाकीचे दगड बांधाला लागले होते. विचारले तेव्हा शेतमालक काका हसून म्हणाले, "देव असता त हात लावला असता का, बाबू?"

ते वाक्य माझ्या मनातून जाईना. फ्रान्समध्ये ब्रिटनी प्रांतात सँ-यूझेक नावाची एक प्रागैतिहासिक उभी शिळा आहे. १६७४ साली तिच्या माथ्यावर क्रूस बसवला गेला आणि अंगावर येशूच्या यातनांची चिन्हे कोरली गेली. इ. स. ६०१ मध्येच पोप ग्रेगरींनी इंग्लंडकडे निघालेल्या धर्मप्रचारकांना कळवले होते की मूर्ती काढा, पण देवळे पाडू नका, तीच आपल्या उपासनेला वापरा. म्हणजे जुन्यावर नव्याची मोहोर उठवायची. सँ-यूझेकची शिळा आजही उभी आहे. मात्र ज्यांनी ती उभारली त्यांचे म्हणणे क्रूसाखाली दडले.

मग आपणही वर्तुळांना शेंदूर फासावा काय? काही मित्र गमतीने तसे म्हणाले. मला ते पटत नाही. शेंदराने दगड वाचेल, पण तेथे कोणी आपले माणूस पुरले होते, ही गोष्ट पुसली जाईल. शिवाय देवाच्या भीतीनेच जपायचे, तर आपण शिकलो कशासाठी?

परंतु नुसते ज्ञान पुस्तकात ठेवूनही भागत नाही. काकांना कोणी सांगितलेच नव्हते, तर दोष त्यांचा कसा? माझी सूचना साधी आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी दरवर्षी एका गावची वर्तुळे मोजावीत, नकाशा काढावा आणि तो आधी त्या गावच्या शाळेत लावावा. पुढील वार्षिकांकात कवितांच्या शेजारी असा एक नकाशा छापला जावा. दगडाला देव नको. त्याला ओळखणारी चार माणसे गावात असली तरी पुरे.