थ्रीडी सिनेमा पाहून डोकं दुखतं? दोष नेहमी डोळ्यांचा नसतो

तिकिटाला जादा पैसे मोजायचे, चष्मा लावायचा आणि मध्यंतरापर्यंत कपाळ चोळायचं. असं झालं की अनेक जण स्वतःच्या नजरेला दोष देतात. पण बऱ्याचदा चूक चित्रीकरणातल्या फोकसची असते.

डोळ्यांवर ताण का येतो?

माणसाच्या दोन डोळ्यांत साधारण ६३ मिलिमीटर अंतर असतं. दोघांना किंचित वेगळी चित्रं दिसतात आणि त्यावरून मेंदू खोली ओळखतो. थ्रीडी याच तत्त्वावर चालतं. मात्र वस्तू पडद्यापुढे भासली, तरी डोळ्यांना फोकस पडद्यावरच ठेवावा लागतो. हा ताण थोडाफार राहतोच.

धूसर पार्श्वभूमी तो वाढवते. मोबाइलच्या पोर्ट्रेट मोडसारखं मागचं सगळं धूसर करणं ही साध्या सिनेमाची जुनी युक्ती. थ्रीडीत मागचं झाड खरोखर मागे उभं असल्यासारखं वाटतं, नजर तिकडे जाते. पण टिपलेली धूसरता डोळे कितीही ताणले तरी जात नाही.

मग सगळंच स्पष्ट का टिपत नाहीत?

त्यासाठी लेन्सचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, लहान करावं लागतं आणि प्रकाश घटतो. त्यात दोन मोठे कॅमेरे डोळ्यांइतके जवळ बसत नाहीत, म्हणून मध्ये अर्धपारदर्शक आरसा लावतात. प्रत्येक कॅमेऱ्याला जेमतेम निम्मा प्रकाश मिळतो. म्हणजे जास्त दिवे, जास्त खर्च. दुसरा उपाय लहान सेन्सरचा. ‘अवतार’च्या (२००९) थ्रीडी कॅमेऱ्यांत दोन तृतीयांश इंची सेन्सर होते. सेन्सर लहान असला की जवळचं-लांबचं एकाच वेळी स्पष्ट ठेवणं सोपं जातं.

शॉर्टकट कुठे फसतो?

‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ (२०१०) साध्या पद्धतीने चित्रित करून नंतर थ्रीडी केला गेला आणि त्यावर सडकून टीका झाली. केसांची धूसर कड कुठे संपते आणि मागचं दृश्य कुठे सुरू होतं, हे नंतर वेगळं करणं अवघड असतं. ‘ग्रॅव्हिटी’तली (२०१३) कलाकारांची दृश्यंही नंतरच रूपांतरित झाली, पण थ्रीडीचा विचार आधीपासून होता.

फरक इथेच पडतो. खोलीचा विचार कॅमेरा सुरू होण्याआधी व्हायला हवा. तो केला नसेल, तर प्रेक्षकाकडून थ्रीडीचे जादा पैसे घेणं योग्य नाही.