ट्रान्स पुरुषांच्या छातीच्या आरोग्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मंत्री,
सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : छाती बांधल्याने होणारे त्रास व स्तनांच्या कर्करोगाची तपासणी याबाबत ट्रान्स पुरुषांसाठी शासकीय दवाखान्यांत सोय करणेबाबत.

महोदय,

जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेली, पण स्वतःला पुरुष म्हणून ओळखणारी माणसे, म्हणजे ट्रान्स पुरुष, आपल्याच गावांत आणि शहरांत शिकतात, नोकरी-व्यवसाय करतात. त्यांतले अनेक जण छातीचा उभार दिसू नये म्हणून ती रोज घट्ट बांधतात. ज्यांना परवडते ते बाइंडर नावाचा आवळ बनियन मागवतात. बाकीचे एकावर एक दोन स्पोर्ट्स ब्रा चढवतात, औषधाच्या दुकानातून क्रेप बँडेज आणून गुंडाळतात, कधी चिकटपट्टीही लावतात. किती वेळ बांधावे, कशाने बांधू नये, दुखू लागले तर कुणाला दाखवावे, हे विचारायला त्यांना हक्काची जागा नाही. माहितीवाचून बांधल्यामुळे अपाय वाढतो, आणि ती माहिती देणे आपल्या खात्याला आहे त्याच यंत्रणेतून शक्य आहे, हे या निवेदनात मांडत आहे.

छाती बांधणाऱ्या 1,800 प्रौढांची, प्रामुख्याने अमेरिकेतील, पाहणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. विचारलेल्या 28 त्रासांपैकी किमान एक तरी त्रास 97 टक्क्यांहून अधिक जणांना झाला होता. निम्म्याहून अधिक जणांची पाठ दुखत होती, तितक्याच जणांना अंगात उष्मा साठल्याचा त्रास होत होता, आणि छातीत दुखणे व दम लागणे हे जवळपास निम्म्यांच्या वाट्याला आले होते. तयार बाइंडर वापरणारेही यातून सुटले नव्हते. त्रासाशी सर्वांत सातत्याने जोडलेली बाब होती ती आठवड्यातून किती दिवस छाती बांधली जाते ही. म्हणून नुसते बाइंडर वाटून हा प्रश्न सुटणार नाही. मधून मधून शरीराला मोकळीक कशी द्यायची, हे सांगणारे माणूस हवे. आठ तासांहून जास्त बांधू नये, झोपताना आणि व्यायाम करताना काढून ठेवावे, आठवड्यातून एखादा दिवस सुट्टी द्यावी, श्वास अपुरा पडताच सोडावे, हा सल्ला एका कागदावर मावतो. मुरगळलेल्या घोट्यासाठी असलेले क्रेप बँडेज बरगड्यांना फुलू देत नाही, म्हणून ते छातीला गुंडाळू नये, हेही त्यात यावे. ज्या राज्यात चंद्रपूरचा पारा 45 अंशांपुढे जातो, तिथे उष्म्याचा इशारा तर सर्वांत आधी द्यायला हवा.

त्रास झाल्यावर हे लोक डॉक्टरांकडे का जात नाहीत, हे समजून घेतले पाहिजे. त्याच पाहणीवर आधारलेल्या 2018 च्या अभ्यासात 82 टक्के जणांनी डॉक्टरांशी बोलणे महत्त्वाचे मानले. प्रत्यक्षात त्रास झालेल्यांपैकी जेमतेम 15 टक्के उपचारासाठी गेले. आपल्याकडे तर केसपेपर काढण्याच्या खिडकीपासूनच अडचण सुरू होते. नाव एक, पेहराव दुसरा, रांग कोणती? पुढे स्टेथोस्कोप लावायचा किंवा एक्स-रे काढायचा तर बाइंडर उतरवावा लागतो, आणि तो कुणासमोर, कोणत्या आडोशाला, हे ठरलेले नसते. क्षयरोगाचा भार असलेल्या राज्यात छातीत दुखणारा, दम लागणारा माणूस या संकोचापायी तपासणी टाळत असेल, तर ती सार्वजनिक आरोग्याची हानी आहे.

कर्करोग तपासणीतली फट याहून गंभीर आहे. राष्ट्रीय कार्यक्रमानुसार 30 ते 65 वयाच्या स्त्रियांची स्तनतपासणी दर पाच वर्षांनी व्हायची असते. आशा सेविका घरी येऊन जो तक्ता भरतात, त्यात स्तनात गाठ आहे का, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव येतो का, हे प्रश्न ‘फक्त स्त्रियांसाठी’ या भागात आहेत. ज्याची नोंद पुरुष अशी आहे, त्याला ते विचारलेच जात नाहीत. नेदरलँड्समधील 1,229 ट्रान्स पुरुषांच्या 2019 च्या अभ्यासात चौघांना स्तनांचा कर्करोग आढळला. स्त्रियांच्या तुलनेत हा धोका कमी असला तरी तो आहे, आणि स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतरही थोडी ऊती शिल्लक राहते. म्हणून तपासणी कागदावरच्या लिंगावरून न ठरवता शरीरात असलेल्या अवयवावरून ठरवावी.

यावर आक्षेप येतील. बांधण्याचा सल्ला देणे म्हणजे त्याला उत्तेजन देणे, असे म्हटले जाईल. पण सल्ला मिळाला नाही म्हणून कुणी बांधणे सोडत नाही. बांधल्यावर मन स्थिर राहते, चारचौघांत वावरता येते, असे 2017 च्या पाहणीतही लोकांनी सांगितले आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात सुईने अमली पदार्थ घेणाऱ्यांना निर्जंतुक सुया दिल्या जातात, त्या व्यसन वाढावे म्हणून नव्हे. व्यसनाच्या बाबतीत शासन अपाय कमी करण्याचे धोरण स्वीकारते, तर स्वतःच्या ओळखीनुसार जगणाऱ्यांना ते नाकारण्याचे कारण उरत नाही. संख्या थोडी आहे, हा दुसरा आक्षेप. 2011 च्या जनगणनेत राज्यात 40,891 जणांची नोंद ‘इतर’ अशी झाली. त्यात ट्रान्स पुरुष किती, हे वेगळे मोजलेलेच नाही. न मोजलेल्यांना थोडे ठरवता येत नाही. शस्त्रक्रियेने प्रश्न कायमचा मिटेल, हे म्हणणेही अपुरे आहे. ती सर्वांना परवडत नाही, काहींना नको असते, आणि ज्यांना हवी असते तेही ती होईपर्यंत छाती बांधतच असतात.

सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांबाबतच्या 2019 च्या केंद्रीय कायद्याच्या कलम 15 ने उपचार, समुपदेशन, डॉक्टरांच्या अभ्यासक्रमाचा आढावा आणि विमासंरक्षण या जबाबदाऱ्या शासनावर टाकल्या. त्यांना धरूनच पुढील मागण्या करीत आहे :

1. छाती सुरक्षितपणे बांधण्याबाबतची माहिती मराठीत छापून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचवावी.
2. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात प्रशिक्षित डॉक्टर व समुपदेशक नेमून ठरावीक दिवशी ओपीडी चालवावी. तपासणीसाठी आडोसा आणि रुग्णाने सांगितलेल्या नावाने हाक मारणे सक्तीचे करावे.
3. आशा सेविकांच्या तक्त्यातील स्तनांविषयीचे प्रश्न ट्रान्स पुरुषांनाही लागू करावेत. शस्त्रक्रिया झालेल्यांसाठी वेगळी सूचना द्यावी.
4. छातीची शस्त्रक्रिया कोणत्या शासकीय योजनेत व कोणत्या रुग्णालयात होते, याची जिल्हावार यादी जाहीर करावी. जिथे ती योजनेत बसत नाही तिथे समाविष्ट करावी.
5. वैद्यकीय अधिकारी, परिचारिका व आशा सेविकांच्या प्रशिक्षणात हा विषय घ्यावा.

यांतल्या बहुतेक मागण्यांना नवी इमारत लागत नाही, नवे खातेही लागत नाही. ट्रान्स पुरुषांच्या प्रतिनिधींना बैठकीस बोलावून, त्यांच्याशी चर्चा करून कालबद्ध कार्यवाहीचा आदेश काढावा आणि तो लेखी कळवावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
निवेदनकर्ता

प्रत माहितीस्तव :
1. मा. सचिव, वैद्यकीय शिक्षण विभाग
2. मा. संचालक, आरोग्य सेवा